सणाची तारीख सरकते तेव्हा मिस्सेचं बंधन कुठे जातं?

८ डिसेंबर २०२४ हा रविवार होता. कॅथलिक दिनदर्शिकेत ८ डिसेंबरला पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सोहळा असतो, आणि त्या वर्षी तोच दिवस आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाचा, दुसरा रविवारही होता. एका दिवशी दोन्ही साजरे करता येत नाहीत, म्हणून सोहळा सोमवारी, ९ डिसेंबरला ढकलला गेला. इथपर्यंत कुणाचंच दुमत नव्हतं. पेच पुढे होता. ज्या देशांत हा दिवस सक्तीच्या मिस्सेचा (मिस्सा म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना) मानला जातो, तिथल्या माणसाने रविवारी मिस्सेला जाऊन सोमवारी पुन्हा जायचं का? सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या एका खात्याने सांगितलं, जायचं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खात्याने सांगितलं, जायची सक्ती नाही.

पाच महिन्यांत दोन उलटी उत्तरं आल्यावर सामान्य भाविकाने डोक्याला हात लावला तर नवल नाही. पण या गोंधळाच्या मुळाशी दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकच समजतो. पहिला प्रश्न: आज चर्चमध्ये कोणती मिस्सा साजरी होणार? दुसरा: आज मी मिस्सेला गेलंच पाहिजे का? पहिल्याचं उत्तर उपासनेची दिनदर्शिका देते. दुसऱ्याचं उत्तर धर्मसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, कायदा देतो. दोन्ही पुस्तकं वेगळी, त्यांचा हेतू वेगळा. बहुतेक वर्षी दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळतात, त्यामुळे ती वेगळी आहेत हे लक्षातही येत नाही. तारीख सरकली की मात्र फट दिसू लागते.

आधी दिनदर्शिका पाहू. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली मंजूर केलेल्या नियमावलीत वर्षातल्या दिवसांची एक उतरंड लावून दिली आहे. सगळ्यात वर प्रभूच्या दुःखसहनाचे आणि पुनरुत्थानाचे तीन दिवस. त्याखालच्या पायरीवर नाताळ, प्रभूचं प्रकटीकरण, स्वर्गारोहण आणि पेन्टेकॉस्ट, तसेच आगमनकाळ, उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचा) आणि पुनरुत्थानकाळ (ईस्टरनंतरचा) यांचे रविवार. राखेचा बुधवार, पवित्र आठवड्यातले (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातले) सोमवार ते गुरुवार आणि ईस्टरनंतरचे आठ दिवसही याच पायरीवर. मरियेचे आणि संतांचे मोठे सोहळे त्याच्या खाली येतात, आणि वर्षातले साधे रविवार आणखी खाली.

एवढं ध्यानात ठेवलं की बरंचसं आपोआप उलगडतं. १ नोव्हेंबर २०२६ हा रविवार आहे. सर्व संतांचा सोहळा साध्या रविवारापेक्षा वरच्या पायरीवर असल्यामुळे तो जागेवरच राहील, उलट त्या रविवारचे नेहमीचे पाठ आणि प्रार्थना बाजूला होतील. १५ ऑगस्ट २०२७ लाही रविवार आहे, तिथेही मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सोहळा रविवारची जागा घेईल. अशा वेळी बंधनाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण रविवारी मिस्सेला जायचंच असतं आणि त्या एका मिस्सेत सगळं येतं. पण ८ डिसेंबर नेहमी आगमनकाळात पडतो आणि आगमनकाळाचा रविवार सोहळ्याला जागा देत नाही. संत योसेफाचा १९ मार्चचा सोहळा उपवासकाळात असतो, त्याचंही तसंच. २०२३ साली १९ मार्चला रविवार आला आणि योसेफाचा सोहळा २० मार्चला गेला.

हा कडकपणा फार जुना नाही. १९६० सालच्या नियमांत निष्कलंक गर्भसंभवाचा सोहळा आगमनकाळाच्या रविवारावर मात करत असे. म्हणून जिथे आजही १९६२ च्या मिस्सा-ग्रंथाप्रमाणे लॅटिन मिस्सा होते, तिथे ८ डिसेंबर रविवारी आला तरी सोहळा त्याच दिवशी साजरा होतो. स्पेनची तर निष्कलंक मरिया ही आश्रयदाती. तिथल्या बिशपांनी २०२४ साठी व्हॅटिकनकडून परवानगी मिळवून सोहळा रविवारीच ठेवला. म्हणजे नियम पक्का असला तरी त्याला दारं आहेत.

पवित्र आठवड्याचं गणित आणखी वेगळं. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो, त्यामुळे मार्चमधले सोहळे कधीकधी पवित्र आठवड्यात अडकतात. देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा सोहळा २५ मार्चला असतो, नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी. २०२४ साली २५ मार्चला पवित्र आठवड्याचा सोमवार होता. पवित्र आठवडा वर, त्यानंतरचे आठ दिवसही वर, म्हणून हा सोहळा थेट ८ एप्रिलला गेला. २०२७ मध्ये २५ मार्चला पवित्र गुरुवार येतो, तेव्हा तो ५ एप्रिलला जाईल. योसेफाचा सोहळा पवित्र आठवड्यात आला तर उलटी चाल असते. तो पुढे न जाता मागे येतो, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी. २००८ साली तो असाच १५ मार्चला साजरा झाला.

हे सगळं मुख्यतः धर्मगुरूंच्या कामाचं. वेदीवर जांभळा झगा की पांढरा, कोणते पाठ, कोणती प्रार्थना, हे यातून ठरतं. मी गेलंच पाहिजे का, हे यातून ठरत नाही. २५ मार्चचंच पाहा. तो सोहळा वरच्या दर्जाचा आहे, पण मिस्सेची सक्ती असलेल्या दिवसांच्या यादीत तो नाही. म्हणून २०२४ मध्ये तो दोन आठवडे पुढे गेला तरी कुणी बंधनावरून वाद घातला नाही.

ती यादी आहे धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यात, कॅनन (म्हणजे कलम) १२४६ मध्ये. तिथे म्हटलंय की सक्तीचा मूळ दिवस रविवार, आणि त्याशिवाय दहा दिवस: नाताळ, प्रभूचं प्रकटीकरण, स्वर्गारोहण, ख्रिस्ताच्या शरीराचा आणि रक्ताचा सोहळा, १ जानेवारीचा देवमातेचा सोहळा, निष्कलंक गर्भसंभव, मरियेचं स्वर्गोन्नयन, संत योसेफ, संत पेत्र आणि पौल, सर्व संत. सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांच्या यादीत असे तीसहून अधिक दिवस होते. १९११ मध्ये पोप दहावे पायस यांनी ते आठवर आणले, आणि १९१७ च्या कायद्यात पुन्हा दहा झाले. थोडक्यात, यादी वेळोवेळी आखडली आणि सैल झाली आहे. (ही यादी लॅटिन परंपरेच्या कॅथलिकांची. सिरो-मलबारसारख्या पौर्वात्य धर्मसभांचा कायदा वेगळा आहे आणि त्यांची सामाईक यादी याहून लहान आहे.)

याच कॅननमध्ये एक वाक्य आहे, ज्यामुळे देशोदेशी चित्र बदलतं. बिशपांची परिषद व्हॅटिकनच्या पूर्वसंमतीने यांतले काही दिवस सक्तीतून वगळू शकते किंवा रविवारी नेऊ शकते. कॅनडात रविवार सोडून फक्त दोन दिवस उरले आहेत, नाताळ आणि १ जानेवारी. अमेरिकेत सहा आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये निष्कलंक गर्भसंभवाला सक्तीच नाही. म्हणजे २०२४ चा सगळा वाद तिथल्या माणसाला फक्त बातमीपुरता.

इथे ‘सण सरकला’ या दोन शब्दांखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडतात.

पहिली, कायमचं स्थलांतर. प्रभूचं स्वर्गारोहण हा ईस्टरनंतरचा चाळिसावा दिवस, म्हणजे गुरुवार. अनेक देशांच्या परिषदांनी तो पुढच्या रविवारी नेला. प्रकटीकरण ६ जानेवारीऐवजी २ ते ८ जानेवारीच्या दरम्यानच्या रविवारी, ख्रिस्तशरीराचा सोहळाही गुरुवारऐवजी रविवारी. अशा ठिकाणी सण आणि बंधन दोन्ही रविवारात विरघळतात. गुरुवार हा साधा गुरुवार राहतो. अमेरिकेत तर एकाच देशात दोन तऱ्हा आहेत. बोस्टन, हार्टफर्ड, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि ओमाहा या धर्मप्रांतसमूहांत स्वर्गारोहण गुरुवारीच असतं आणि सक्तीचं असतं, बाकीकडे रविवारी. इंग्लंड-वेल्सने प्रकटीकरण आणि स्वर्गारोहण २००६ मध्ये रविवारी नेले आणि २०१७ मध्ये परत मूळ दिवसांवर आणले.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी: सण जागेवर, बंधन गायब. अमेरिकेत १ जानेवारी, १५ ऑगस्ट किंवा १ नोव्हेंबर शनिवारी किंवा सोमवारी आला तर त्या वर्षी मिस्सेची सक्ती नसते. सलग दोन दिवस सक्ती नको, एवढाच विचार. सोहळा मात्र त्याच तारखेला होतो. १ नोव्हेंबर २०२५ ला शनिवार होता. अमेरिकेत सर्व संतांचा सोहळा शनिवारी झाला, पण यायचं बंधन कुणावर नव्हतं. इंग्लंड-वेल्समध्ये अशा वेळी सोहळाच लगतच्या रविवारी नेतात, म्हणून तिथे तो २ नोव्हेंबरला झाला. एकच तारीख, एकच कायदा, दोन देशांत दोन वाटा. अमेरिकेच्या सवलतीत ८ डिसेंबर बसत नाही हेही लक्षात घ्या. निष्कलंक मरिया ही त्या देशाचीही आश्रयदाती आहे, त्यामुळे तो दिवस शनिवारी आला काय, सोमवारी आला काय, सक्ती कायम.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रासंगिक ढकलणं. एरवी सण आपल्या तारखेला असतो, बिशपांनी तो हलवलेला नसतो, फक्त या वर्षी वरच्या पायरीवरचा दिवस आडवा आला. ९ डिसेंबर २०२४ हे याचं उदाहरण. आणि कायद्यात नेमकं याच परिस्थितीबद्दल काही लिहिलेलं नाही. दिनदर्शिकेची नियमावली सांगते की सोहळा सोमवारी न्या. सक्तीचं काय, यावर ती गप्प. कायदा सांगतो की हा सोहळा सक्तीचा. तो ढकलला तर काय, यावर तो गप्प.

अमेरिकेत वर्षानुवर्षांची प्रथा अशी होती की ढकललेल्या सोहळ्याबरोबर बंधन जात नाही. २०१३ आणि २०१९ मध्येही ८ डिसेंबर रविवारी आला होता, सोहळा सोमवारी झाला आणि सोमवारी सक्ती नव्हती. २०२४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डचे बिशप थॉमस पॅप्रॉकी यांनी हा प्रश्न थेट व्हॅटिकनच्या कायदेविषयक खात्याकडे पाठवला. ते अमेरिकन बिशपांच्या कायदाविषयक समितीचे प्रमुख होते. खात्याचं उत्तर ४ सप्टेंबरच्या पत्रात आलं: कॅनन १२४६ मधले दिवस सक्तीचेच आहेत, त्याला अपवाद दिलेला नाही, म्हणून सोहळा ज्या दिवशी जाईल त्या दिवशी बंधनही जाईल. काही बिशपांनी त्या सोमवारपुरती आपल्या धर्मप्रांताला सूट दिली, पण सर्वसाधारण नियम तोच सांगितला गेला.

मग जानेवारी २०२५ मध्ये उपासनाविषयक खात्याचा खुलासा आला. सोहळा प्रसंगवश दुसऱ्या दिवशी गेला तर मिस्सेला जाण्याचं बंधन त्याच्याबरोबर जात नाही, असं त्याने स्पष्ट केलं. आज लागू आहे ते हेच उत्तर.

माझं मत विचाराल तर, कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवून वाचलं की सप्टेंबरचं पत्र जास्त तर्कशुद्ध वाटतं. कायदा सोहळ्याचं नाव घेतो, तारखेचं नाही. ‘८ डिसेंबर सक्तीचा’ असं कुठे म्हटलेलं नाही, ‘निष्कलंक गर्भसंभवाचा दिवस सक्तीचा’ असं म्हटलंय. मग सोहळा जाईल तिकडे सक्ती जाणार, हे ओघाने येतं. पण कायदा कोरड्या जागेत राहत नाही. लोकांनी दशकानुदशकं जे पाळलं, धर्मगुरूंनी वेदीवरून जे सांगितलं, त्यालाही वजन असतं. बंधन हे काही बदली सुट्टीसारखं नाही, की रविवारी बुडाली म्हणून सोमवारी भरून द्यावी. त्या रविवारी माणूस मिस्सेला गेलाच होता. त्याच्यावर दुसऱ्या दिवशीची सक्ती घालायची तर कायद्यात तसं ठळक लिहिलेलं हवं, आणि ते नाही. त्यामुळे जानेवारीचा निकाल मला व्यवहाराच्या बाजूने योग्य वाटतो, तर्काच्या बाजूने थोडा लंगडा असला तरी. ८ डिसेंबरला रविवार पुन्हा येईल तो २०३० मध्ये.

आता घड्याळाकडे वळू, कारण तारखेपेक्षा जास्त भांडणं घड्याळावरून होतात. कॅनन १२४८ सांगतो की सक्तीच्या दिवसाचं बंधन त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी संध्याकाळी मिस्सेत भाग घेतल्याने पूर्ण होतं. संध्याकाळ म्हणजे किती वाजता, हे कायदा सांगत नाही. पुष्कळ कायदेपंडित दुपारी चारचा काटा धरतात. त्याला आधार म्हणजे १९५३ साली पोप बारावे पायस यांनी संध्याकाळच्या मिस्सेला मोकळीक दिली तेव्हा ती चारच्या आधी नको, असं म्हटलं होतं.

याच कॅननमध्ये एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट आहे. मिस्सा कॅथलिक विधीने झालेली असली की पुरे. तिच्यात कोणते पाठ वाचले, कोणती प्रार्थना म्हटली, याची अट नाही. शनिवारी संध्याकाळी लग्नाची मिस्सा असेल आणि पाठ लग्नाचे असतील, तरी तिथे हजर राहिलेल्या माणसाचं रविवारचं बंधन पूर्ण होतं, असं कायद्याचे जाणकार सर्वसाधारणपणे मानतात. दिनदर्शिका आणि कायदा वेगळे असल्याचा हा आणखी एक पुरावा: धर्मगुरूने त्या वेळी कोणती मिस्सा म्हणायची याचे नियम कडक आहेत, पण तुमची हजेरी त्या नियमांवर टांगलेली नाही.

सक्तीचे दोन दिवस लागून आले की यातून गंमत होते. २०२८ मध्ये नाताळ सोमवारी आहे. आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, आगमनकाळाचा चौथा रविवार. बंधनं दोन: एक रविवारचं, एक नाताळाचं. रविवारचं बंधन शनिवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत पुरं करता येतं, नाताळाचं रविवारी संध्याकाळपासून सोमवारी रात्रीपर्यंत. रविवारी संध्याकाळी हे दोन पट्टे एकमेकांवर येतात. त्या वेळेची मिस्सा दोन्हींपैकी कोणत्याही एका बंधनासाठी धरता येते, पण दोन्हींसाठी नाही. एका मिस्सेत दोन बंधनं उरकत नाहीत, हे मत आता जवळजवळ सर्वमान्य आहे. म्हणून कुणी शनिवारी संध्याकाळी एकदा आणि रविवारी संध्याकाळी एकदा गेला, तर सोमवारी सकाळी त्याला जावं लागत नाही. रविवारी संध्याकाळी दोन वेगवेगळ्या मिस्सांना गेला तरी चालतं, मग दोन्ही मिस्सा नाताळाच्या असल्या तरी. २०२७ मध्ये नाताळ शनिवारी आहे, तिथे हेच गणित एक दिवस मागे सरकवून करायचं.

प्रवासात असाल तर? समजा एखादा माणूस अशा धर्मप्रांतातला आहे जिथे स्वर्गारोहण रविवारी असतं, आणि त्या गुरुवारी तो अशा ठिकाणी पोहोचला जिथे ते गुरुवारीच पाळतात. कॅनन १२ नुसार प्रवासी माणसाला सार्वत्रिक कायदा लागू राहतो, जरी तो त्याच्या घरच्या धर्मप्रांतात शिथिल केलेला असला तरी. मात्र जिथे तो आहे तिथे तो शिथिल असेल तर त्यालाही ती मोकळीक मिळते. गुरुवारचं स्वर्गारोहण हा सार्वत्रिक कायदा आहे, रविवार ही स्थानिक सोय. म्हणून या माणसाला त्या गुरुवारी मिस्सेला जावं लागेल. उलट बाजूने, गुरुवार पाळणाऱ्या ठिकाणचा माणूस त्या दिवशी रविवार पाळणाऱ्या ठिकाणी असेल, तर गुरुवारी तो मोकळा. एखाद्याने बरोबर त्याच दोन दिवसांत उलटसुलट प्रवास करून दोन्हीकडून सुटका करून घेतली, तर स्वर्गारोहणाच्या बंधनातून तो सुटेल, पण पुढच्या रविवारी मिस्सेला त्याला जायचंच आहे.

हे सगळं बंधन कुणावर, तर सात वर्षं पूर्ण झालेल्या आणि समज आलेल्या कॅथलिकांवर. जाणूनबुजून टाळलं तर धर्मसभेच्या शिकवणीप्रमाणे ते गंभीर पाप आहे. पण आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल, जवळपास धर्मगुरू नसणं, अशी खरी अडचण असेल तर बंधन मुळातच लागू होत नाही, त्यासाठी कुणाची परवानगीही लागत नाही. कारण तितकं भक्कम नसेल, किंवा ते पुरेसं आहे की नाही याबद्दलच शंका असेल, तर कॅनन १२४५ प्रमाणे आपल्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू त्या एका प्रसंगापुरती सूट देऊ शकतात, किंवा मिस्सेऐवजी दुसरं एखादं भक्तिकृत्य करायला सांगू शकतात. त्यासाठी बिशपांपर्यंत जावं लागत नाही, फक्त फादरांना आधी विचारावं लागतं.